अण्णांच्या रानात पाच कळप

"मॅडम, माझ्या रानात आत्ता किती कळप आलेत, सांगा बरं," अण्णा फोनवर म्हणाले. आवाज गोड होता. पुढाऱ्याचा आवाज गोड झाला की मला धडकी भरते.

"एक?" मी म्हणाले.

"पाच. सहावा येनार हाय का? तसं दूध सांगतो चहाला."

दुपारचे चार वाजले होते. मी अंबाजोगाईत, घरच्या खोलीत, पंख्याखाली खुशीत बसले होते. कारण सकाळीच एक झकास बग सापडला होता. बग म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, आणि मी टेस्टर, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार घेणारी बाई. आमच्या ॲपमध्ये एकाच शेतावर एकाच दिवशी पाच कळप बुक होत होते. तो बग आता अण्णांच्या रानात चरत होता.

आमच्याकडे उन्हाळ्यात पीक निघालं की शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवतात. कळप रात्रभर बसतो, रानाला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य. सगळं तोंडी ठरतं. ते मोबाईलवर ठरावं म्हणून दिंद्रुडकडच्या ह्या अण्णांनी, मोठे जमीनदार आणि तालुक्यातले पुढारी, आमच्या पुण्याच्या कंपनीला ॲप करायला सांगितलं होतं.

टेस्टिंग मी एआयकडून करून घेत होते. एआयला हात नसतात, हत्यारं द्यावी लागतात. ब्राउझर उघडायचं एक, डेटाबेस बघायचं एक, मेसेज पाठवायचं एक. प्रत्येक हत्यार वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यात ठेवायचं. एकाची सांडलवंड दुसऱ्यात नको. सगळ्यांच्या पुढे एक गेटवे, तोही डब्यातच. फाटकावरचा वॉचमन समजा. एआयने काही मागितलं की हा बघणार, परवानगी असेल तरच सोडणार. खरे मेसेज पाठवायचं हत्यार मी ह्या वॉचमनला सांगून बंद केलं होतं. टेस्टचे मेसेज नुसते एका फाइलीत पडायचे.

मग सकाळच्या टेस्टमधले पाच बुकिंगचे निरोप खऱ्या मेंढपाळांना गेले कसे? लॉग उघडला. लॉग म्हणजे कोणी काय केलं त्याची नोंदवही. सकाळी लाइट गेली होती. आल्यावर मी सगळे डबे मोडून नव्याने उभे केले होते. कंटेनर दर वेळी मूळ साच्यातून कोरा निघतो. जुन्या डब्यात शिरून केलेली दुरुस्ती जुन्या डब्याबरोबर जाते. म्हणून दुरुस्ती सेटिंगच्या फाइलीत करायची. हे मी नव्या लोकांना दर वर्षी घसा फोडून सांगते. स्वतः मात्र "आत्तापुरतं" म्हणत जुन्या वॉचमनच्या डब्यात शिरून मेसेजला कुलूप लावलं होतं. नवीन वॉचमनला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याने सगळ्यांना सलाम ठोकून आत सोडलं.

बरं, टेस्टमध्ये नंबर तरी खोटे हवेत ना? तिथेही मी माती खाल्ली होती. अण्णा पहिल्याच मीटिंगला म्हणाले होते, "ते अबक-कखग नगं. आपली मान्सं टाका, रान माझं टाका. पडद्यावर बगायला बरं वाटतं." वडीलधारं माणूस, त्यात क्लायंट. मी टाकली. खऱ्या नंबरांसकट.

माझे बॉस समीर सर पुण्याहून फोनवर आले. "प्रॉडक्शनला धक्का लागलाय का?" म्हणजे खऱ्या माणसांना त्रास झालाय का.

"सर, प्रॉडक्शन बांधावर बसून चहा पितंय."

"रिमोटली सोडवता येईल?"

"मेंढरांना लॉगिन नाही, सर."

मी गाडी काढली.

रानात नुसता कल्लोळ. पाच कळप, प्रत्येकाची कुत्री, एडके एकमेकांना धडका देतायत, कोकरं भलत्याच आयांमागे पळतायत. कळप मिसळू नयेत म्हणून मेंढपाळ काठ्या आडव्या धरून उभे. मधोमध पांढऱ्याशुभ्र कपड्यांत अण्णा, हसत.

मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्या नावानं निरोप गेला. आता 'मी बोलावलंच न्हाई' असं कसं म्हनू? पुढं इलेक्शन हाय. 'या, या' म्हनालो सगळ्यांना."

बाकीचे चहा पीत होते. शिदूमामा मात्र कप तसाच ठेवून बसले होते. पाचांत सर्वांत वयस्कर मेंढपाळ तेच. मी विचारलं, "मामा, काय झालं?"

"भागूबाईला शब्द दिलता," ते म्हणाले. "आज तिच्या रानात बसायचं व्हतं. उद्या सकाळी तिचा ट्रॅक्टर नांगरायला येनार. मंग कसलं खत? अण्णाचा निरोप, न्हाई कसं म्हनावं? आलो. पन सोळा सालं बसतो मी तिच्या रानात. एकडाव शब्द गेला की त्या शिवारात पुन्यांदा कुनी हाक मारत न्हाई."

मला लाज वाटली. खरंच, जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझ्या 'आत्तापुरतं'ने ह्या माणसाची सोळा वर्षं पणाला लावली होती.

मी बांधावर चढले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं. "निरोप अण्णांचा नव्हता. माझ्या कॉम्प्युटरमधून चुकून गेला. आपली माफी मागते."

अण्णा जोरात खोकले. एक मेंढपाळ शेजारच्याला म्हणाला, "म्हंजी आपल्याला मशीननं फिरवलं बे!" आणि सगळे खो खो हसत सुटले.

शिदूमामा हसले नाहीत. "मंग हा अण्णाचा शब्दच न्हवं?"

"नाही."

"मंग मी इथं थांबलोय कावून?" ते उठले. "पन ताई, तुमी चला संगं. मी सांगितलं तर तिला सबब वाटंल."

एक कळप अण्णांकडे ठेवायचा ठरला. उरलेल्या तिघांसाठी बांधावरून आजूबाजूला हाका गेल्या आणि दहा मिनिटांत तीन रानं मिळाली. आमच्या ॲपचं आख्खं काम हाकेवर उरकलं. मी मेंढरांमागून धूळ खात, ऑफिसच्या सँडलमध्ये, दोन किलोमीटर चालले.

भागूबाई तिच्या बांधावर पाठमोरी बसली होती. वळलीसुद्धा नाही. "आता आठवन झाली व्हय, मामा?"

मामांनी काठीने माझ्याकडे दाखवलं. मी म्हणाले, "त्यांची काही चूक नाही हो. मशीनने चुकीचा निरोप धाडला."

तिने वळून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मशीनला कामाला कुनी लावलं?"

"मी."

"मंग अगं माय, मशीनचं नाव कावून घेतीस?"

एवढं बोलून तिने मामांना हात केला. "मामा, त्या कडंनं बसवा. तिथं रान लई हलकं हाय." मामांनी घोड्यावर लादलेली, कळपाभोवती लावायची जाळी उतरवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी खऱ्या मेसेजचं कुलूप सेटिंगच्या फाइलीत गेलं. एका रानावर एकच कळप, आणि शेतकरी-मेंढपाळ फोनवर बोलल्याशिवाय बुकिंग पक्कं नाही, असं ॲपमध्ये ठरलं. टेस्टमधली खरी नावं काढली. अण्णांच्या जागी 'शेतकरी क्रमांक एक' लिहिलं. आकडा बघून अण्णा खूश झाले.

धडा म्हणाल तर एवढाच: चालू डब्यात शिरून लावलेलं कुलूप, हे कुलूप नव्हे.

झाल्या चुकीबद्दलचा रिपोर्ट समीर सरांनी तयार करून मला पाठवला. 'मूळ कारण' ह्या रकान्यात होतं: एआय टूलचं अनपेक्षित वर्तन. मी ते खोडलं आणि तिथे माझं नाव लिहिलं.

सरांचा लगेच फोन. "अहो, असं कोणी लिहीत नाही."

म्हटलं, "भागूबाईंनी टेस्ट केलंय, सर. पास झालंय."