सांबारासाठी ऑटो

वाशीमची बस मालेगावच्या स्टँडवर थांबली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पुण्याहून आले होते ती ताईचं नवं घर बघायला. बाजारगल्लीतल्या दोन कोंदट खोल्या विकून तिनं गावाबाहेरच्या लेआउटमध्ये, नव्या प्लॉटांच्या वसाहतीत, घर घ्यावं म्हणून वर्षभर मीच फोनवरून तिच्या मागे लागले होते. साड्यांना फॉल-पिको करून तिचं चालतं. म्हटलं, मोकळी हवा तरी मिळेल.

ऑटोवाला म्हणाला, "लेआउटमंदी? सीट भरू द्या बाई. तिकडं एकट्यासाठी कोन जाते?"

सीट भरायला पाऊण तास गेला.

घर देखणं होतं, रस्ते सरळ. ताईनं भाकरी-झुणका वाढला आणि ओशाळून म्हणाली, "सांबार नाही टाकला. संपला."

"आणते की कोथिंबीर," म्हणत मी चपला घातल्या. बरंच चालले. घरांमागून घरं, फाटकं बंद, दुकान एक नाही, विचारायला माणूस नाही. परतताना एकसारख्या फाटकांत ताईचंच घर सापडेना. गल्लीबोळांत वाढलेली मी सरळ रस्त्यावर कशी चुकले, हे मला अजून उमगत नाही.

शेवटी घरात शिरले तेव्हा खिडकीपाशी शिलाई मशीन कापडाखाली झाकून ठेवलेलं दिसलं.

"काम बंद?"

"बाया भाजीले निघाल्या का साडी टाकून जायच्या," ताई म्हणाली. "इथं साडीसाठी ऑटो करून कोन येते?"

तिनं तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी दोघी जुन्या गल्लीत गेलो. खाली किराणा, शेजारी चक्की, वर बिऱ्हाडं. सांबार दहा पावलांवर मिळाला. ताईच्या जुन्या खोल्यांसमोरचे बांगडीवाले चाचा तिला म्हणाले, "बाई, काहून दिसून नाही राह्यल्या? बाया रोज पुसून राह्यल्या." आणि ओट्यावरचे डबे आत सरकवत, "मशीन इथं आना."

दुसऱ्या दिवशी मशीन ऑटोतून परत गल्लीत गेलं. आता ताई रोज दोन वेळा सीट भरायची वाट बघणार. मी तिचं भलं केलं की वाटोळं, कळेना. स्टँडवर मी म्हणाले, "चुकलंच माझं."

"घर चांगलं हाये वं," ती म्हणाली. "फक्त त्याच्या आजूबाजूले काही नाही."

पुण्यात परतले. वरणाला फोडणी दिली, तर कोथिंबीर नव्हती. सवयीनं स्कूटरची किल्ली उचलली आणि तशीच दारात उभी राहिले. इतकी वर्षं मी ह्यालाच मोकळी हवा म्हणत आले होते.