यवतमाळात गिऱ्हाईक होतं

एका मोठ्या कंपनीची नवी स्पोर्ट्स कार यवतमाळात विकायला येणार की नाही, यावर सध्या टपरीवर रोज वाद होतात. दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी. बोलणं शेवटी एकाच जागी येऊन थांबतं. मागेही अशी एक गाडी इथे दाखवायला आणली होती. पण आपले रस्ते खराब, आपल्याकडे घेणार कोण, म्हणून कंपनीनेच नकार दिला, असं सगळे सांगतात. हे खोटं आहे. नकार कंपनीचा नव्हता. तो मी दिला होता.

मी तीस वर्षं याच कंपनीच्या इथल्या शोरूममध्ये काढली, शेवटची काही मॅनेजर म्हणून. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायचो की गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याचे पाय बघा. पायांवरून कळतं, चहा सांगायचा की नुसतं पाणी. या शिकवणीचा मला अभिमान होता.

ती पहिली गाडी दोन दिवसांसाठी आली होती. लाल होती. तिची चौकशी करायला कोण कोण येतं, ते मी कंपनीला लिहून कळवायचं आणि त्यावरून ती इकडे विकायची की नाही ते ठरायचं, अशी पद्धत होती.

पहिल्या दिवशी दुपारी पांढरकवड्याचा एक माणूस आला. उंच, पन्नाशीच्या आतला. बुटांना काळी माती होती, ते त्याने आपणहून दाराबाहेर काढले. गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, "सीट किती मागं जाते? माहे पाय लंबे हायेत."

मी विचारलं, "कोणाकडे ड्रायव्हर आहात?"

"माह्याचकडं," तो म्हणाला आणि हसला.

त्याचे स्वतःचे तीन रोड रोलर होते. जिल्ह्यातल्या निम्म्या रस्त्यांचं डांबर दाबायला तेच जायचे. म्हणाला, "साहेब, वीस वर्षं झाले, रोलरवर बसतो. पायी जानारा मानूस मले मागं टाकते. एकदा तं जोरात जाऊन पाहू द्या ना." बुकिंग कधी सुरू होईल, तेही विचारलं.

बोलता बोलता त्याने नाव सांगितलं होतं, येताना 'जय भीम' म्हणाला होता. मी फक्त मान हलवली होती. त्याच्याकडे पैसे आहेत हे मला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच मला ते सहन झालं नाही. जी गाडी घ्यायची माझी आयुष्यात ऐपत होणार नव्हती, ती हा माणूस, अनवाणी उभा राहून, मला मागत होता. मी म्हणालो, "ही इकडे विकायची नाही. नुसती दाखवायला आणली आहे."

"मंग दाखवून कायले राह्यले?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती ती. एकदा आत बसून बघू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. चावी साहेब नागपूरला घेऊन गेले, असं मी सांगितलं. चावी माझ्या खिशात होती. बाईंनी काचेला कपाळ लावून, डोळ्यांवर हात धरून आत पाहिलं. मग दोघं गेली.

संध्याकाळी मी कंपनीला लिहिलं: या भागात एकही गिऱ्हाईक नाही, रस्तेही योग्य नाहीत. नागपूर-हैदराबाद रस्ता जिल्ह्यातून जात असताना लिहिलं, आणि ज्याने रस्ते केले त्याला परत पाठवून लिहिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण मी शोरूममध्ये गंमत म्हणून सांगितलं, "रोलरवाला रेस लावायला निघाला होता." ती गंमत दोन दिवसांत पांढरकवड्याला पोचली. लग्नात, बाजारात लोक त्याला विचारू लागले, "काय भाऊ, रेस कधी?"

आता कंपनी पुन्हा विचारते आहे. शोरूमच्या मालकाच्या मुलाचा मला फोन आला. "काका, मीटिंगला या. इकडं कोनी घेत नाही म्हनून सांगा, नाही तं महागाची गाडी ठेवून आपला पैसा अडकते. तुमचं ऐकतात. तो रोलरवाल्याचा किस्सा सांगा, मजा येते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी पांढरकवडा गाठलं. तो रोलरला ग्रीस लावत होता. केस पांढरे झालेले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, चावीसुद्धा.

त्याने हात पुसले. "चाबीचं माहीत होतं. तुमच्या खिशातून तिचा लाल पट्टा लोंबत होता. बायकोनं रस्त्यातच सांगतलं. आमी काय लेकरं हाओ?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काहून बोलू? तुमच्या खिशात मी हात घालू?"

मी माफी मागितली. तो म्हणाला, "मले सांगून काय होते, मले तं माहीतच हाय. ज्यायले माहीत नाही, त्यायले सांगा." मग रोलरकडे वळून म्हणाला, "आता माहे गुडघे गेले. त्या गाडीत बसलो तं दोघं लागतील उठवाले. पन घ्याची का नाही, ते मी पाहीन. तुमी नाही."

चहा विचारला नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

मीटिंगला कंपनीची एक तरुण अधिकारी बाई आली होती. शोरूमची सगळी माणसं खुर्च्यांवर बसली होती. तिने मला विचारलं, "काका, इथे गिऱ्हाईक आहे का?"

"होतं," मी म्हणालो. "मी हाकललं."

"काका, चहा घ्या ना," मालकाचा मुलगा मध्येच म्हणाला.

मी थांबलो नाही. बुटांवरची माती, खिशातली चावी, काचेला लावलेलं कपाळ, सगळं सांगितलं. का हाकललं, तेही सांगितलं; जातीचा शब्द गिळला नाही. माझ्या हाताखाली शिकलेला एक जण म्हणाला, "म्हातारपनी काय झालं तुमाले? गंमत होती ते."

"माझी होती," मी म्हणालो. "त्याची नव्हती."

बाईने विचारलं, "पण जुन्या अहवालात तर कोणीच नाही असं आहे."

"तो मी लिहिला. खोटा आहे."

मालकाचा मुलगा उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बसा आता, काका." मी बसलो नाही. मागच्या रांगेतल्या दोघांना नीट ऐकू गेलं नव्हतं. त्यांच्याकडे तोंड करून मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.