मामा छान सांगतात

लग्नात, बारशात कुणी ओळख करून दिली की लोक मला हमखास विचारतात, "दिवसभर नवरा-बायकोंची भांडणं ऐकून डोकं फिरत नाही का हो?" फिरतं की! पण घरी पोचेपर्यंत ते जाग्यावर येतं आणि किस्से तेवढे साठत जातात. राजारामपुरीत माझ्या दोन खोल्या आहेत, एक बाहेर बसायची आणि एक आत बोलायची. जोडप्यांना एकमेकांशी बोलतं करणं हे माझं काम. नावं बदलून सांगते, नाहीतर उद्या सगळे माझ्याशीच भांडायला येतील.

*

धनाजी कुरुंदवाडचा. थोडी शेती, चार म्हशी. बायको संगीता जयसिंगपूरची. दिवाळीला माहेरी गेली ती परत नांदायला आलीच नाही. नवरा बोलतच नाही, एवढीच तिची तक्रार. बैठकीत काडीमोडाची भाषा सुरू झाली, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं.

मी फोनवर सांगितलं, दोघांनी या. दारात दोन जीपगाड्या येऊन थांबल्या! धनाजीचे मामा, संगीताचे वडील, चुलते, मध्यस्थ पाहुणे, शिवाय भाकरीचा डबा. आपल्याकडे भांडण दोघांचं असलं तरी बैठक दोन्ही घरांची असते. मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवायला लागले, तर मामांना ते काही पटेना.

"आमी आत न्हाय म्हटल्यावर भांडण सांगणार कोण?"

मला हसू आलं. आत गेल्यावर कळलं की मामांचं बरोबर होतं. दोघंही खाली मान घालून गप्प. शेवटी मी संगीताला म्हटलं, काय झालं ते तुमच्या तोंडून सांगा. तिनं बराच विचार केला.

"मामा छान सांगत्यात," ती म्हणाली.

*

इचलकरंजीचं एक जोडपं स्वतःहून आलंच नव्हतं. त्यांना आणलं त्यांच्या नव्या सुनेनं. पोरगी पुण्याची. सासू-सासरे सकाळी उठल्यापासून एकमेकांवर ओरडतात, मला सहन होत नाही, असं म्हणून तिनं गुपचूप माझी वेळ घेतली होती. बाहेरच्या खोलीत सासरे पाणी मागत होते, ते मला दार लावलेलं असूनही आत ऐकू आलं.

तक्रार विचारली, तर दोघंही चक्रावले. त्यांना एकमेकांबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. दोघांनी अख्खी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात काढलेली. मी सुचवलं, घरात जरा हळू बोलून बघा, सूनबाई घाबरते.

"बघितलं की करून," सासरे म्हणाले. "मी हळू बोललो की हिला वाटतंय, मी रागावलोय."

*

मी जोडप्यांना एक साधा गृहपाठ देते. रोज एकमेकांची एक तरी चांगली गोष्ट बोलून दाखवायची. एका निवृत्त हेडमास्तरांनी तो मनावर घेतला. जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं, आजचा पांढरा रस्सा कालच्यापेक्षा चांगला झालाय.

पुढचे दोन दिवस घरात कालच्या रश्श्यावर चर्चा चालली. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, "कौतुक बंद केलं तर चालेल का?"

*

धनाजी-संगीताला मी वेगळा गृहपाठ दिला होता. रोज संध्याकाळी त्यानं तिला फोन करायचा आणि दहा मिनिटं बोलायचं. पुढच्या खेपेला विचारलं, तर धनाजी छाती काढून म्हणाला, एक दिवस चुकवला नाही. मला फार बरं वाटलं.

संगीताचा चेहरा मात्र तसाच. खोदून विचारल्यावर कळलं, फोन स्पीकरवर असायचा आणि भोवती सगळं घर बसलेलं असायचं. सासूबाई, मामी, जावा, सगळ्यांशी मनसोक्त गप्पा व्हायच्या.

"ह्यांच्याशीच तेवढं ऱ्हायलं," ती म्हणाली.

*

माझ्या घरचं विचाराल, तर एकदा मी आणि नवऱ्यानं कुठल्याशा कारणावरून अबोला धरला. दुपारी मी पुढच्या जोडप्याला बोलवायला दार उघडलं, तर बाहेर रांगेत हा चपला काढून बसलेला!

मी विचारलं, इथं काय करतोयस? म्हणाला, "इथं तू ऐकून घेतेस असं ऐकलं."

*

धनाजी-संगीता तिसऱ्यांदा आले, तेव्हा दोन्ही घरं ठरवूनच आली होती. आज काय तो निकाल. संगीता नांदायला तरी जाईल, नाहीतर उद्यापासून वकील. जीपगाड्या रिकाम्या झाल्या, बाहेरची खोली भरली आणि आम्ही तिघं आत बसलो. खरं सांगते, मला आशा नव्हती. आणि मला ती दोघं आवडायला लागली होती.

मग संगीता माझ्याकडं न बघता बोलायला लागली. मला न्यायला मामा आले, चुलतसासरे आले, गावचे पाहुणे आले. हे एकदा तरी आले का?

धनाजी म्हणाला, "आलतो की."

ती चमकून बघायला लागली. त्यानं अडखळत सांगितलं, संक्रांतीनंतर एकटाच आलो होतो. जयसिंगपूरच्या स्टँडवर दुपारभर बसलो आणि परत गेलो.

"मग घरला का न्हाय आलासा?"

"एकटा कसा येऊ? वडीलधारं माणूस संगं नसताना जावई बायकोला न्यायला येतोय व्हय?"

"मी वडीलधाऱ्यांची वाट बघत हुते व्हय?" संगीताचा आवाज चढला.

"मला काय ठावं? तू कवा बोललीस?" धनाजीचाही चढला.

"तुमी कवा इचारलंसा?"

मग काय, दोघं एकदम सुटली! दिवाळीपासूनचं सगळं निघालं, त्याच्या आधीचंही निघालं. मी मध्ये पडले नाही. तेवढ्यात दार ढकलून मामा घाईनं आत आले आणि दोन्ही हात वर करून दोघांना गप्प करायला लागले.

"मामा, तुमी भाईर बसा," दोघंही एकदमच म्हणाली.

मामा दारातच थबकले. एकदा भाच्याकडं बघितलं, एकदा भाचेसुनेकडं. मग हळूच दार ओढून घेतलं आणि बाहेर सगळ्यांना सांगितलं ते मला आत स्पष्ट ऐकू आलं.

"वकिलाचं ऱ्हाऊ द्या आता. भांडाय लागल्यात."