दसऱ्यासाठी घासलेले चाकू

ती घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते, असं लिहिल्याशिवाय निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला लेखणी उचलू देत नाहीत. म्हणून मीही लिहिलं. प्रत्यक्षात जशीच्या तशी काही आठवत नाही. पंचांची नावं विसरलो. वार किती आणि कुठे, हे शवविच्छेदनाचा अहवाल पाहूनच सांगावं लागेल. आठवतो तो आरोपीचा चेहरा, आणि तोही त्यावर काहीच उमटलं नाही म्हणून.

दसऱ्याची सकाळ होती. आमच्या नाशिकरोडकडच्या पोलीस ठाण्यात शस्त्रपूजा चालू होती. सतरंजीवर ओळीने रायफली, त्यांना झेंडूच्या माळा, आणि समोर कपाळाला गंध लावलेले आमचे वरिष्ठ, फोटोग्राफरला सोयीचं होईल असे उभे. वर्षभर ज्या रायफलींना कोणी तेल दाखवत नाही, त्यांना त्या दिवशी हळदकुंकू मिळतं. ठाणे अंमलदाराने कानाशी येऊन सांगितलं, एकलहऱ्याच्या रस्त्यावर एका कॉलनीत म्हातारा माणूस घरात मारलेला सापडलाय. वरिष्ठ म्हणाले, आरती होऊ द्या. मी निघालो.

मयत गृहस्थ औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, मीही तेच म्हणतो. पत्नी वारलेली. घरात मुलगा, सून आणि लहान नात. मुलगा त्याच वीज केंद्रात कामाला, आणि वीज केंद्राला सणाची सुट्टी नसते. सून मुलीला घेऊन झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेली होती. ती परत आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि आप्पा पुढच्या खोलीत खुर्चीशेजारी पडले होते. गळ्यातली सोन्याची साखळी जागच्या जागी. घरातून काही गेलेलं दिसत नव्हतं.

त्या खोलीत मी आधी कुठल्याच घरात पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. तीन भिंतींना उथळ खणांची लाकडी कपाटं होती. खण ओढला की मखमलीवर ओळीने चाकू. सगळे मिटणारे, खिशात मावणारे. सिनेमात खटकन उघडतात तसला एकही नाही. तसले आप्पांना आवडत नसत, असं मुलाने सांगितलं. त्यांना आवडत ते ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही असे. द्राक्षबागेत कलमं भरणाऱ्यांचे चाकू, पात्याच्या पाठीला साल उचलायची बारीक जीभ असलेले. वायरमनचे. टपालाच्या थैल्यांची सुतळी कापायचे. औषध कंपन्यांनी कधीकाळी डॉक्टरांना भेट दिलेले, करंगळीएवढे. नांदगावच्या बाजारात भंगारवाल्याच्या गोणीत हात घालून दिवसभर बसलेला माणूस कोणी पाहिला असेल, तर ते आप्पा असण्याची शक्यता बरीच.

वरच्या तीन खणांतले चाकू नव्या स्टीलच्या भांड्यांसारखे चकचकत होते. खालच्या खणांतले सगळे काळपट. हे मी पाहिलं आणि पंचनाम्यात लिहूनही घेतलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

खून झाला होता तो मात्र स्वयंपाकघरातल्या साध्या भाजी चिरायच्या सुरीने. ती प्रेताजवळच पडली होती. मूठ पुसलेली होती, त्यामुळे ठसे मिळाले नाहीत.

संध्याकाळी फोन आला. शेजारच्या काकू होत्या. नाव लिहू नका, या अटीवर त्यांनी सांगितलं की सून कालच मागच्या मोरीवर बसून ढीगभर चाकू घासत होती. घासत काय, खसाखसा. आणि सासऱ्याचं नि तिचं या चाकूंवरून कायमचं वाजतं. "एकदा तर मला म्हणाली, काकू, मी संसाराला आलेय की शस्त्रागाराला?" काकूंनी हे सांगताना आवाज खाली घेतला होता, पण आनंद खाली घेता आला नव्हता.

वरिष्ठांना एवढं पुरेसं होतं. हत्यार स्वयंपाकघरातलं, स्वयंपाकघर सुनेचं, भांडण जुनं, आदल्या दिवशी चाकू धुतल्याचा साक्षीदार. दसऱ्याच्या दिवशी खून आणि दसऱ्यालाच उलगडा, हे त्यांना फार आवडलं. पत्रकारांसाठी टेबलावर पांढरी चादर टाकून त्यावर सगळे चाकू मांडायचं त्यांनी ठरवूनही टाकलं. "घातक शस्त्रांचा मोठा साठा," ते म्हणाले. त्यातली निम्मी पाती माझ्या बोटापेक्षा लांब नव्हती. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबू. ते म्हणाले, उद्यापर्यंत ठीक. दरम्यान कोणीतरी बातमी फोडली, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सून 'पोलिसांच्या ताब्यात' होती. प्रत्यक्षात ती ठाण्यात लाकडी बाकावर बसून, मुलीने दुपारी काय खाल्लं असेल ते महिला हवालदाराला विचारत होती.

माझी अडचण दुसरीच होती. चाकूंनी भरलेल्या खोलीत माणसाला राग येतो, तो खून करतो, आणि हत्यार आणायला दोन दारं ओलांडून स्वयंपाकघरात जातो. का?

सुनेची चौकशी मी महिला हवालदारासमोर केली. ती कळवणकडच्या खेड्यातली. शहरात राहून भाषा बदललेली, पण घाबरली की मूळची बोली वर यायची. घासले का, विचारल्यावर ती लगेच हो म्हणाली. रागाने नाही. आप्पा दरवर्षी खंडेनवमीला म्हणायचे, माझीही हत्यारं पूजेला मांडा, आणि ती दरवर्षी नाही म्हणायची. या पावसाळ्यात ती टायफॉइडने आजारी पडली तेव्हा आप्पांनी तिच्यासाठी पेज केली, तिची औषधं सांभाळली, मुलीची वेणीसुद्धा घातली, वाकडी. म्हणून यंदा तिने ठरवलं, त्यांना न सांगता सगळे चाकू लख्ख करून पूजेला ठेवायचे. चिंच, भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी. तीन खण होईपर्यंत हात दुखायला लागले.

"आप्पा संध्याकाळी फिरून आले नि बघतच राहिले," ती म्हणाली. "लय वेळ काही बोललेच नाय. मला वाटलं, चुकलं काय माझं. मग हसले. म्हणले, पोरी, आज पहिल्यांदा हात लावलास माझ्या चाकूंना. लखलखू दे."

मी तिला खणांचे फोटो दाखवले आणि काही वेगळं दिसतं का विचारलं. मुलाला हेच विचारलं होतं; त्याला काही सांगता आलं नव्हतं. तिने एकेक फोटो लांब धरून पाहिला आणि तिसऱ्या खणाच्या एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. शिंगाच्या मुठीचा चाकू होता तिथे. मुठीच्या खाचांत घाण अडकली होती, ती तिने टाचणीने काढली होती, म्हणून तिच्या नीट लक्षात होता.

"तो आप्पांचा नव्हता," ती म्हणाली. "सरांचा होता. आप्पांच्या कुठल्या चाकूशी जोडी जमते का, ते बघायला ठेवलेला."

सर म्हणजे आप्पांचे स्नेही, निवृत्त प्राध्यापक. त्यांनाही तोच नाद. दोघे मिळून वीस वर्षं भंगार पालथं घालत आले होते. फरक एवढाच, की आप्पा चाकू जमवायचे आणि सर त्यावर भाषणं द्यायचे. ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात ते 'आपला उपेक्षित वारसा' या विषयावर बोलत, आणि वारसा हा शब्द आला की चष्मा काढत. मला बोलावणं पाठवावं लागलं नाही. ते स्वतःच आले, कडक इस्त्रीचा सदरा घालून, शोक व्यक्त करायला. पंधरा दिवसांत आप्पांकडे जाणं झालं नव्हतं, असं म्हणाले. घसा दुखत होता.

मी त्यांना चहा सांगितला आणि घासलेल्या चाकूंपैकी काही एका ट्रेमध्ये घालून टेबलावर ठेवायला लावले. ओळख पटवायची आहे, असं कारण दिलं. आणि मी चाकूंकडे न बघता त्यांच्याकडे बघत बसलो.

आदल्या दिवशी मी मुलाकडून एक गोष्ट समजून घेतली होती. जुन्या चाकूवर जो काळा थर चढतो त्याला ही माणसं जपतात. तो गेला, पात्याच्या मुळाशी कोरलेला कारखान्याचा ठसा झिजला, की त्यांच्या लेखी चाकू मेला. वडिलांचा नाद आठवून मुलगा हे जरा हसतच सांगत होता. बायकोने वडिलांच्या संग्रहाचं काय केलंय, हे त्याच्याही तेव्हाच लक्षात आलं आणि तो हसायचा थांबला.

आता माझ्यासमोर असा माणूस होता, ज्याने वीस वर्षं हे चाकू काळे पाहिले होते, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे पंधरा दिवसांत तो तिथे गेला नव्हता. ट्रेमधला लखलखाट त्याने पाहिला. पुढे, एकामागून एक, शांतपणे ओळख पटवली. हा कलमाचा. हा वायरमनचा. हे काय झालं, कोणी केलं, असं त्याने विचारलं नाही. त्याची भुवईसुद्धा हलली नाही.

मग मी म्हणालो की सुनेला आज अटक दाखवावी लागेल. ते गंभीरपणे म्हणाले, दुर्दैव. कौटुंबिक मूल्यांचा ऱ्हास. चष्मा काढला.

"पण एक आहे सर," मी म्हटलं, "पोरीने चाकू छान स्वच्छ केले. इतकी वर्षं कोणाला कसं सुचलं नाही?"

हातातला चष्मा त्यांनी परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांचा आवाज बदलला. भाषणातला नव्हता.

"छान? तारेच्या घासणीने घासलेत तिने."

घासणी कसली होती, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पेपरातही आलं नव्हतं. मी तसं म्हणालो. ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

"माझा होता त्यात. तसा दुसरा मी आयुष्यात पाहिला नाही. आणि हा आप्पा हसत होता, साहेब. मी म्हटलं, तिला सांग काय केलंय तिने. हा म्हणतो, नाही सांगणार, पोरीला वाईट वाटेल, तूही सांगायचं नाही. आणि हसतोय."

मी विचारलं, मग स्वयंपाकघरात का गेलात? हाताशी इतके होते.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अडाणीपणाचं बोललो.

"त्यातला वापरायचा? रक्ताने पातं खराब होतं."

महिला हवालदार दारात उभी होती. ती पंचवीस वर्षं खात्यात होती, तिने बरंच ऐकलं होतं. ती बाहेर निघून गेली.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, हे प्राध्यापकांना माहीत नसलं तरी आम्हाला माहीत होतं. म्हणून पंच बोलावले, चाकू कुठे ठेवलाय ते दाखवतो, हे त्यांचं म्हणणं निवेदन पंचनाम्यात लिहून घेतलं, आणि त्यांनी आम्हाला स्वतःच्या घरी नेऊन पुस्तकांच्या मागून एक पुरचुंडी काढून दिली. आत शिंगाच्या मुठीचा चाकू होता, तेल लावलेला. ज्या रुमालात गुंडाळला होता त्यावर डाग होते, आणि रासायनिक विश्लेषणाच्या अहवालात ते आप्पांच्या रक्ताचे निघाले. मित्र जमिनीवर पडलेला असताना हा माणूस खणातून आपला चाकू तेवढा काढून घेऊन गेला होता.

वरिष्ठांनी पत्रकार परिषद घेतली. चादर तीच होती, फक्त आरोपीचं नाव बदललं. सुनेबद्दलची दुरुस्ती पेपरात आली ती आतल्या पानावर, ज्यांनी पहिली बातमी वाचली त्यांच्यापैकी कोणी वाचत नाही अशा जागी. गल्लीतल्या काकू तिच्याकडे भाजी घेऊन गेल्या. तिने ती घेतली. मला वाटतं, तिच्या जागी मी घेतली नसती.

तरुण अधिकारी कधी भेटले की विचारतात, अशा केसमधून काय शिकावं. खुनाची कारणं म्हणून प्रशिक्षणात जमीन, पैसा आणि बाई शिकवतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. मी त्यांना फक्त कामाचं सांगतो. संशयितापुढे वस्तू ठेवली की वस्तूकडे बघू नका. आणि सभ्य माणसाला हवं तेवढं खोटं बोलू द्या, मग त्याच्या आवडीबद्दल तुम्ही चुकीचं बोला. बाकीचं मी सांगत नाही. चांगल्या सुनेसाठी खोटं हसणारा एक म्हातारा त्या हसण्यापायी गेला, यातून काय शिकायचं, ते मलाच ठरवता आलेलं नाही.

जन्मठेप झाली. सून सरकार पक्षाची साक्षीदार होती, त्यामुळे खटल्यात सगळं तिच्यासमोरच उलगडलं होतं. निकालाच्या दिवशी ती न्यायालयाच्या वऱ्हांड्यात माझ्याजवळ आली. जरा वाळली होती.

"साहेब, एक विचारायचंय," ती म्हणाली. "ते चाकू खरंच खराब झाले होते का? का आप्पांना खरंच आवडले होते?"

तोपर्यंत मला चाकूंतलं बरंच कळायला लागलं होतं. मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही, पण आप्पा हसले होते ना, मग आवडलेच असतील. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही, मला सांगता येणार नाही. मी विचारलं, अर्ज केला तर चाकू परत मिळतील, हवेत का. ती नको म्हणाली.

निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात न्यायालयाने मुद्देमालाची विल्हेवाट लावली आहे. स्वयंपाकघरातली सुरी, सरांचा शिंगाच्या मुठीचा चाकू आणि आप्पांचे जप्त केलेले सगळे चाकू, काळे आणि घासलेले, यांच्यासाठी तिथे एकच वाक्य आहे: बिनकिमती असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावेत.