गाणं वेगळं, बोलणं वेगळं

रविवारी दुपारी आम्ही ऑफिसमधले चौघं मारुंजीत एका मित्राच्या भाड्याच्या फ्लॅटवर जमायचो. कागद, पेन्सिली, वीस बाजूंचा फासा आणि राजे-राक्षसांच्या जगातला खेळ. प्रत्येकाचं एक पात्र असायचं. माझं पात्र शाहिरीण. तिच्या कागदावर 'कला' असा एकच आकडा होता. गाणं असो, नाच असो, दरबारातलं भाषण असो, त्याच आकड्यावर फासा टाकायचा.

त्या रविवारी खेळ चालवणाऱ्या मित्रानं जाहीर केलं, "आजपासून कलेचे चार भाग. गाणं, वाद्य, नाच, बोलणं. तुझे गुण वाटून घे."

"का म्हणून?"

"अगं, तुझी बाई गाते चांगली म्हणून सेनापतीला बोलूनही पटवते. हे काय लॉजिक? गाता येतं म्हणजे बोलता येईलच असं नाही ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेमकं हेच वाक्य आदल्या आठवड्यात मी स्पीच थेरपिस्ट बाईंच्या तोंडून ऐकलं होतं.

बाबा चाकणला कंपनीत प्रेस मशीन चालवायचे आणि जयंतीला गायन पार्टीत पुढे उभे राहून गायचे. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. पाणी हवं असलं तरी नुसतं "अं, अं". मग एका सकाळी शेजारच्या स्पीकरवर त्यांचं आवडतं गाणं लागलं आणि बाबा अख्खं कडवं गायले. शब्द न् शब्द स्वच्छ. आई रडली, मी धावत जाऊन पेढे आणले. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, गाणं मेंदूत वेगळ्या जागी असतं, लगेच आशा धरू नका. मी धरली. आमच्या घरात देव नाहीत, नाहीतर तेही पाण्यात ठेवले असते.

मित्रांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी ओरडले, "एकच असतं ते! गळा एकच, जीभ एकच!"

"एवढं काय चिडायचं, राव? खेळ आहे," दुसरा म्हणाला.

मग मी चक्क गयावया केली. "राहू दे ना रे एकत्र. पाया पडते तुझ्या." त्यानं पेन्सिल घेऊन माझ्या कागदावर चार रकाने आखले. मी फासा भिरकावला, तो सोफ्याखाली गेला. मी तशीच निघाले.

दिघीला घरी पोचले तेव्हा बाबा पलंगावर बसून डावा हात हवेत हलवत होते. त्यांना काहीतरी हवं होतं. आई एकेक वस्तू दाखवत होती, चष्मा, चादर, टीव्हीचा रिमोट. ते नकारार्थी मान हलवत होते आणि डोळे भरून आले होते. मी ठार बेसूर आहे. तरी त्यांच्याच गाण्याच्या चालीवर मी विचारलं, "बाबा, काय हवंय, सांगा ना मला."

बाबा थांबले. माझ्याकडे बघून, त्याच चालीत, त्या गाण्याची पुढची ओळ गायले. एकही शब्द न चुकता. हात अजून हवेतच होता.

मी पुन्हा पहिल्यापासून विचारलं.