चिलापीच्या वस्तीतले देवरे सर

देवरे सरांना भेटायचं असेल, तर एप्रिल-मेमध्ये स्टाफरूममध्ये जाऊन उपयोग नसायचा. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जायचं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर ओला रुमाल, हात मागे बांधलेले, असा एक उंच माणूस घोटाभर पाण्यात खाली बघत उभा दिसला, की ते सर. जवळ गेलात की पहिलं वाक्य ठरलेलं, "सावली पाडू नको." नमस्कार-चमत्कार त्यानंतर.

मी त्यांच्याच कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला. टाक्या धुवायच्या, मासे जगवायचे, मुलांनी फोडलेल्या काचा उचलायच्या. मी नामपूरचा, सर शेजारच्या सटाण्याचे, म्हणून आमचं जमायचं. चारचौघांत ते पुस्तकी बोलत, पण माझ्यावर चिडले किंवा खूश झाले की मधूनच आमच्या गावाकडच्या अहिराणीत उतरत. राहायचे एकटेच. मखमलाबादच्या पलीकडे द्राक्षमळ्यांत त्यांनी दोन खोल्यांचं टुमदार घर बांधलं होतं. आसपास चिटपाखरू नाही. लग्न केलेलं नव्हतं, आणि का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

माझ्या लग्नाबद्दल विचारायला मात्र कोणालाच छाती लागत नव्हती. तेहतिशी उलटलेली, पाच ठिकाणचे नकार पचवलेले. मुलीकडचे आधी विचारत, पर्मनंट आहे का. मग विचारत, नाशकात फ्लॅट आहे का. माझं दोन्हीला एकच उत्तर, नाही. आई फोनवर रडायची. शेवटी मामाने परस्पर माझं नाव वधू-वर मेळाव्यात घातलं आणि मी जाणार नाही म्हणून हट्टाला पेटलो. हॉलभर मुलं, त्यांतली निम्मी इंजिनिअर, त्या गर्दीत माझ्याकडे कोण ढुंकून बघणार? त्यापेक्षा एखादं आडबाजूचं स्थळ येईल, तिथे निदान दुसरा कोणी रांगेत नसेल, असा माझा विचार.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते टाकीतली हवेची नळी सरळ करत होते. वर न बघताच म्हणाले, "रविवारी सकाळी सातला बॅकवॉटरला ये. चपला जुन्या घाल."

गेलो. पाणी नितळ होतं. तळाला ताटाएवढे गोल खळगे, एकाला एक लागून, पन्नास तरी असतील. प्रत्येकात एक काळाकुट्ट मासा, गळ्याशी पांढरा. "चिलापीचे नर," सर म्हणाले. "आठे बठ नि देख."

बसलो. नर आपापल्या खळग्यातली माती तोंडाने उचलून बाहेर टाकत होते. शेजाऱ्याने जरा हद्द ओलांडली की अंगावर धावून जात होते. इतक्यात एक राखाडी, साधीशी मादी आली. झालं, सगळ्यांच्या अंगात आलं. कोणी पंख फुलवतोय, कोणी शेपटी हलवतोय, कोणी मान खाली घालून "या, घर बघा" म्हणत पुढे चाललाय. बाई एकात डोकावल्या, नाक मुरडलं. दुसऱ्यात गेल्या, तिथूनही बाहेर. तिसऱ्यात थांबल्या, अंडी घातली, तोंडात भरून घेतली आणि निघाल्या. मला आमचे चहा-पोह्याचे पाचही कार्यक्रम आठवले.

"सर, एवढी भांडणं करण्यापेक्षा लांब जाऊन का नाही खणत? धरण काय लहान आहे?"

सर खुशीत आले. "तुझे वडील कांदा कुठे नेतात?"

"नामपूरच्या मार्केटला."

"तिथे तर दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरची ही रांग असते. शेतातच बसून का नाही विकत?"

"एकट्या शेतावर व्यापारी कशाला येईल?"

"मादीचं तेच म्हणणं. एका फेरीत दहा घरं बघून होतात. शिवाय इथे पाणी उथळ, माती मऊ, आणि एवढे डोळे जागे असले की अंडीचोर लगेच दिसतो. शेजाऱ्याचा ताप असतो रे, पण पाहुणे त्याच्याचमुळे येतात."

मग काठाकाठाने त्यांनी मला बरंच पुढे नेलं. तिथे एकच खळगा होता. काय खळगा होता! सगळ्यांत मोठा, कडा अगदी रेखीव. नरही देखणा. आम्ही तासभर उभे राहिलो. एकही मादी फिरकली नाही. तो आपला कडा नीट करत राहिला.

"ह्याच्यात काही खोट नाही," सर म्हणाले. "फक्त येण्याजाण्याच्या वाटेवर नाही."

मी मेळाव्याला गेलो. मामाने बजावलं होतं, फ्लॅट बुक केलाय म्हणून ठोकून दे. माईक हातात आला आणि जीभ काही वळेना. भाड्याची खोली, कंत्राटी नोकरी, खरं तेच सांगून टाकलं. मग संयोजकांनी विचारलं, आज इथे येऊन कसं वाटतंय, आणि मी घाबरून चिलापी सुरू केली. आपण सगळी मुलं इथे का जमलोय, खळगे म्हणजे काय, तो लांबचा एकटा नर, सगळं. हॉल आधी गार पडला, मग हसू लागला. माईक काढून घेतला गेला. मामाने मेळाव्याची पुस्तिका तोंडापुढे धरली.

जेवणाच्या रांगेत एक मुलगी मागे आली. वैशाली, विंचूरची, दवाखान्यात नर्स. म्हणाली, "त्या लांबच्या एकट्याचं पुढे काय झालं?"

मला माहीत नव्हतं. सरांना विचारतो म्हणालो.

"मग विचारून कळवा," असं म्हणून तिने नंबर दिला.

सोमवारी सरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "पाणी उतरतं. खळगा कोरडा पडतो. त्याला खाली सरकून नवा खणावा लागतो." मग म्हणाले, "मलाही मुली सांगून यायच्या. मी म्हणायचो, आधी मनासारखं घर होऊ दे. घर झालं. तिकडे मळ्यात मग कोण येणार?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच मला फार वाईट वाटलं. चष्मा लावून ते म्हणाले, "तिला घेऊन ये. मासा सांगून कळत नाही."

पंधरा दिवसांनी आम्ही तिघं गेलो. तो देखणा खळगा उघडा पडून भेगाळला होता. खाली, नव्या पाण्यात, पुन्हा वस्ती बसली होती आणि तिच्या टोकाला एक मोठा, रेखीव कडांचा खळगा होता.

"हाच का तो?" वैशालीने विचारलं.

"खात्री देता येत नाही," सर म्हणाले. "पण कडा बघ. मी तोच धरून चालतो."

दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. आनंदवल्लीत जुन्या इमारतीत जागा घेतली, अर्थात भाड्याने. पुढच्या वर्षी सर रिटायर झाले, त्याच सुमाराला आमच्या खालची खोली रिकामी झाली. त्यांना विचारायचं धाडस मला झालं नसतं. वैशालीने विचारलं.

"तिथे कलकलाट असेल," सर म्हणाले.

"आहेच," ती म्हणाली.

सर आले, दोन टाक्या आणि चार ट्रंका पुस्तकं घेऊन. पहिल्याच आठवड्यात समोरच्या काकूंशी त्यांचं वाजलं. टाकी धुतलेलं पाणी त्यांच्या उंबऱ्याकडे गेलं होतं, काकूंनी दारात उभं राहून चांगलं सुनावलं. वैशाली घाबरून खाली धावली. सर खुर्चीत बसून हसत होते.

"काही नाही गं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत माझ्या दारात भांडायला पहिल्यांदाच कोणी आलं."