डॉर्कसची कादंबरी आणि भावजयीची चहापेटी

डॉर्कस विनकोट ही इंग्लंडात डेव्हनमधल्या एका खेड्यातल्या पाद्र्याची लेक. बाप गेला, नवा पाद्री आला, आणि घर चर्चचं, तेव्हा बाई ट्रंक उचलून भावाच्या दारी आली. भाऊ ह्यू देवमाणूस, म्हणजे घरात त्याचं कोणी ऐकत नसे. कारभार सगळा भावजयीचा, ऑगस्टाचा.

लग्नासाठी एकाने विचारलं होतं हो, नाही असं नाही. पण तो गृहस्थ जेवताना आपलीच प्रवचनं म्हणून दाखवायचा. डॉर्कसने साफ नाही म्हटलं. गावाने नाकं मुरडली. मुरडू देत! नांदायचं कोणाला होतं?

तिला लिहायचं होतं. मांडीवर शिवण, शिवणाखाली कागद. दार करकरलं की कागद खाली आणि सुई वर. अशी कैक वर्षं गेली तेव्हा कुठे कादंबरी पुरी झाली. ह्यूने ती गुपचूप लंडनला नेऊन छापणाऱ्याला दिली. त्याच्या आयुष्यातलं एवढंच काय ते धाडस. पुस्तकावर नाव नाही, नुसतं 'एका बाईने लिहिलेली'.

घोटाळा असा, की त्यात एक कंजूष बाई होती आणि ती म्हणजे जशीच्या तशी ऑगस्टा. चहा तेव्हा फार महाग; त्याची पेटी कुलपात, किल्ली कमरेला. पाहुणे उठले की किटलीतली पत्ती चुलीपाशी वाळवायची आणि पुढच्या पाहुण्यांना तीच पाजायची. लिहिताना डॉर्कसला भारी मजा आली. पण पुस्तक आपल्याच गावच्या वाचनमंडळात येईल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आता बसा!

गरिबांसाठी कपडे शिवायला बायका डॉक्टरीणबाईंकडे जमल्या होत्या. बाकीच्यांनी शिवायचं आणि डॉक्टरीणबाईंनी वाचायचं, अशी रीत. त्या दिवशी नेमकं हेच पुस्तक निघालं, आणि चहाचं प्रकरण सुरू झालं. वहिनीने ओळखलं तर? या वयात एकटी बाई जाणार कुठे? छप्पर जाईलच, पण त्याआधी लेखणी जाईल.

ऑगस्टाची सुई थांबली.

"थांबा हो जरा! ही बाई मी ओळखते."

डॉर्कसने डोळे मिटले.

"अगं बाई, ही तर आपली गिरणीवाली टॅपस्कॉट! परवाच मला वाळवलेला चहा पाजला मेलीने!"

"छे हो," पाद्रीणबाई म्हणाल्या, "ही माझी मोठी जाऊ. पैजेवर सांगते!"

"जाऊ कसली? टॅपस्कॉटच ती!"

दोघींची चांगलीच जुंपली. वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आपली किटली हळूच पडद्यामागे सरकवली. कुलूपबंद चहा कोणाच्या घरी नव्हता? आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय! डॉर्कसचा जीव भांड्यात पडला. इतका, की डोळे भरून आले आणि सुई बोटात घुसली तरी कळलं नाही.

घरी परतताना ऑगस्टा सारखी हसत होती. कुंपणापाशी मात्र ती थांबली.

"वन्सं, कोण असेल हो ही लिहिणारी? त्या टॅपस्कॉटच्याच घरात पडलेली कोणी आश्रित असणार. बिचारी! काय काय सोसत असेल. आपल्याकडे असती तर सुखाने लिहिलं असतं तिने."

एवढं सुटल्यासारखं डॉर्कसला बापाच्या घरीही कधी वाटलं नव्हतं.

"अजून लिहील ना हो ती?" ऑगस्टाने विचारलं.

"लिहील की वहिनी," डॉर्कस म्हणाली. "आता तर बिनघोर लिहील."